पणजी जंगल सत्याग्रहात होती, पण यादीत नाव नाही. कागद कुठं शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव पुसद तालुक्यातलं. पणजोबांचं नाव पंचायत समितीपुढच्या १९७२ च्या दगडी स्तंभावर आहे आणि २०२३ मध्ये ग्रामपंचायतीत बसवलेल्या शिलाफलकावरही आहे. पणजीचं कुठंच नाही. ती गवत कापायला जंगलात गेली होती, पोलिसांनी घरची भांडी नेली, आणि बेचाळीस साली ती नागपूरला कुठल्याशा मोठ्या सभेला गेली होती, असं घरात सांगतात. सरपंच म्हणतात, कागद आणा, नाव टाकतो. तर कागद कुठं मिळेल?

मी इतिहासाची शिक्षिका होते. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या खेड्यांत म्हाताऱ्या बायांशी बोलून आणि कचेऱ्यांतले कागद चाळून स्थानिक इतिहास लिहिण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगते: सरपंच ज्याला कागद म्हणतात तो बहुधा तुरुंगाचा दाखला, आणि तो पणजीच्या नावानं निघण्याची शक्यता कमी आहे. पण तेवढ्यावरून ती सत्याग्रहात नव्हती असं ठरत नाही. या याद्या तुरुंगवास मोजायला तयार झाल्या आणि तुमची पणजी बहुधा तुरुंगाबाहेर राहून लढली. तेव्हा ती तुरुंगात होती का, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तिनं नेमकं काय केलं, कुठं केलं आणि त्याची खूण कुठं उरली, ते शोधू.

याद्या कशा झाल्या ते पाहा. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली आणि १९८० मध्ये ती योजना वाढवली. मुख्य अट किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती पुढे तीन महिन्यांवर आली. स्तंभावरची आणि फलकावरची नावं बरीचशी या तुरुंगवासाच्या नोंदींवरूनच आलेली असतात. आता १९३० चा हिशेब मांडा. जंगल सत्याग्रह, म्हणजे राखीव जंगलातलं गवत मुद्दाम कापून जंगल कायदा मोडणं, ऐन पावसाळ्यात सुरू झाला आणि ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार होऊन सत्याग्रही कैदी सुटले. म्हणजे ऑक्टोबरात धरलेल्या माणसाला शिक्षा कितीही झालेली असो, त्याचे सहा महिने भरलेच नाहीत. अशी कित्येक पुरुषांचीही नावं गळाली. बायांचं तर आणखी अवघड. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बऱ्याच जणींनी एकच गोष्ट सांगितली: शिपाई इळा हिसकून घेत, भारा सोडून गवत उधळून देत आणि बायांना हाकलून लावत. धरून नेत ते घरच्या गड्याला. हाकलून लावलेल्या बाईची नोंद कुठल्या रजिस्टरात होणार?

तुमच्या भागात तर बाया या लढ्यात असणं अगदी स्वाभाविक होतं. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रहही झाला होता. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला समुद्र नव्हता, पण खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं खारं पाणी होतं, त्यापासून मीठ काढलं गेलं. पण मीठ खेड्यातल्या माणसाला जितकं भिडलं त्यापेक्षा जंगल कितीतरी जास्त भिडलं. १९२७ च्या जंगल कायद्यानं राखीव जंगलातलं गवत, सरपण, चराई यांवरचा सरकारी ताबा पक्का केला होता. ज्या गवतावर घरची जनावरं पोसायची त्यासाठी परवाना काढा, पैसे भरा, नाहीतर दंड. आणि विदर्भातल्या खेड्यात गवत, सरपण, मोहफुलं कोण आणत होतं? बायाच. पुढाऱ्याला जंगलात जाऊन मुद्दाम एक मूठ गवत कापावं लागलं. बाईला तिचं रोजचं काम चालू ठेवलं तरी कायदा मोडल्यासारखं होतं. म्हणून या सत्याग्रहात कुणबी, तेली, बंजारा, गोंड बायांचा भाग किती होता, हे पुढाऱ्यांच्या भाषणांच्या बातम्यांवरून कळत नाही.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्या सीमेला लागून आहे. तेव्हाच्या मध्य प्रांतातल्याच सिवनी जिल्ह्यात तुरिया इथं ९ ऑक्टोबर १९३० ला जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळीबार केला. चार माणसं गेली. त्यांतल्या तिघी बाया होत्या: मुड्डेबाई, रेनोबाई, देभोबाई. चौथे बिरजू भोई. या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत कारण त्या मेल्या. त्याच रानात त्यांच्या बरोबरीनं उभ्या राहून जिवंत घरी परतलेल्या बायांची नावं कुठल्या दगडावर आहेत?

आता शोध कसा घ्यायचा ते सांगते.

पहिलं काम नावाचं. लग्नात नाव बदलण्याची रीत आपल्याकडं होती, त्यामुळं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं आणि घरात हाक मारायचं तिसरंच. जुन्या वर्तमानपत्रात ती 'सौ.' लावून नवऱ्याच्या नावानं येईल, पोलिसांच्या इंग्रजी कागदात आडनावाचं स्पेलिंग भलतंच असेल. म्हणून कचेरीत जाण्याआधी एका कागदावर तिची सगळी नावं, बापाचं नाव, नवऱ्याचं, सासऱ्याचं, आणि माहेरचं गाव लिहा. माहेरचं गाव विसरू नका. घरातल्या लोकांना ते बहुधा माहीतच नसतं, आणि शोध नेमका तिथंच अडतो. तहसिलात जुनं कोतवाल बुक असेल तर जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल काढा. जातीच्या दाखल्यासाठी लोक ती काढतातच, त्यामुळं बाबू लोकांना ती माहीत असते. तिच्यावरून १९३० साली पणजीचं वय किती होतं ते ठरेल. ती तेव्हा सात-आठ वर्षांची निघाली तर घरची गोष्ट तिच्या सासूची असू शकते, आणि तसं असेल तर तेही मोलाचंच आहे.

दुसरं, आठवणीला ऋतू लावून पाहा. घरात तीस आणि बेचाळीस यांची सरमिसळ नेहमी होते. साल कोणाच्या लक्षात राहत नाही, सण राहतो. गवताची गोष्ट आषाढ ते दसऱ्याच्या दरम्यानची. मिठाची एप्रिलातली, कडक उन्हाची. नागपंचमीला पोलीस, गोळीबार, गावात लष्कर असं कोणी सांगत असेल तर ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरच्या १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावाचं. 'तेव्हा पोळा झाला होता का?' असं विचारलं की म्हातारं माणूस लगेच ताळ्यावर येतं.

तिसरं, पणजोबांची पेन्शनची फाईल. घरचे लोक इथं सहसा बघत नाहीत. त्यांना पेन्शन मिळत असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात फाईल असायला हवी. वारस म्हणून माहितीच्या अधिकारात संपूर्ण फाईलची प्रत मागा, नुसता आदेश नको. त्यात मूळ अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि सहबंद्यांचे दाखले असतात. या दाखल्यांत लोक मोकळेपणानं लिहीत: अमुक दिवशी अमुक रानात गेलो, बरोबर कोणकोण होतं. त्यात 'यांची पत्नी व गावातील स्त्रियाही होत्या' असं एक वाक्य सापडलं तरी तो तुमचा पहिला लेखी पुरावा. पणजोबा आधी वारले असतील तर पणजीनं विधवा म्हणून पेन्शन घेतली असेल. मग तिचा अंगठा, वय आणि सरकारनं लिहिलेलं नाव त्याच फाईलमध्ये मिळेल. मला या फायली वाचताना फार वाईट वाटतं. जी बाई स्वतः रानात गेली, जिनं घर सांभाळलं, तिला सरकारनं ओळखलं ते फक्त स्वातंत्र्यसैनिकाची विधवा म्हणून.

चौथं, भांडी. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात भरवशाची वाटलेली गोष्ट हीच. सत्याग्रह्याला दंड झाला आणि त्यानं तो भरायला नकार दिला की घरावर जप्ती येई. गडी तुरुंगात, दारात शिपाई आणि समोर बाई. भांडी बहुतेक तिच्या माहेरची. दंड भरून तांब्याचा हंडा वाचवायचा की नवऱ्याची टेक राखून हंडा जाऊ द्यायचा, हे त्या क्षणी तिनं एकटीनं ठरवायचं होतं. मी याला राजकीय कृती मानते, तीही साधी नव्हे. आपल्याकडं भांड्यावर नाव आणि साल कोरायची पद्धत आहे. घरातली जुनी पितळी-तांब्याची भांडी काढून बघा. १९३० च्या आधीचं एकही भांडं नसेल आणि १९३१ नंतरची असतील, तर एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, पण घरच्या गोष्टीला आधार मिळतो. दंडाचा आणि जप्तीचा कागद कोर्टाच्या किंवा महसुलाच्या दप्तरात टिकला असेल की नाही, हे सर्वस्वी त्या दप्तराच्या नशिबावर आहे. काही ठिकाणी वाळवीनं खाल्लंय, काही ठिकाणी गठ्ठे तसेच बांधलेले आहेत. नागपूरच्या पुराभिलेखागारात मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारचे कागद आहेत, तिथं पुसदचा भाग आणि १९३० एवढं धरून सत्याग्रहाच्या फायली मागा. व्यक्तीच्या नावानं मागाल तर हाती काही लागणार नाही.

वर्तमानपत्रंही बघा. नागपूरचा 'महाराष्ट्र', अमरावतीचा 'उदय' यांत त्या काळी तालुक्यांच्या बातम्या येत. जुन्या वाचनालयांत अंक मिळतात, सगळे नाही. बाईचं नाव नसलं तरी 'स्त्रियांची मोठी उपस्थिती' अशी ओळ आणि गावाचं नाव मिळालं तर टिपून ठेवा, अंकाच्या तारखेसह.

आता माणसांशी बोलण्याबद्दल. माझं काम मुख्यतः हेच, म्हणून इथं जरा थांबते. तुमच्या पणजीला पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची असतील. त्यांना 'ती सत्याग्रहात होती का?' असं विचारू नका. दारव्हा तालुक्यातल्या एका आजीला मी हेच विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही व माय, म्या काई नाही केलं. सत्याग्रह त मालकानं केला." मग मी गवताचं विचारलं, भारा कसा बांधायच्या ते दाखवा म्हटलं. ती उठून बसली. लुगड्याचा पदर पिळून दोर केला, जमिनीवर न दिसणाऱ्या भाऱ्यावर गुडघा दाबला, गाठ मारली आणि गाठ मारतामारता बोलायला लागली. इळा भाऱ्याच्या पोटात कसा लपवायचा, नाक्यावरच्या शिपायाला काय सांगायचं, पाच-सात जणी एकदम निघाल्या की तो अडवत का नसे. "त्यानं म्हनलं इळा दे. म्या म्हनलं, घरी गाय उपाशी हाये, तिले तू चारतं का?" काहीच केलं नाही म्हणणारी हीच बाई. तिच्या लेखी सत्याग्रह म्हणजे हार घालून तुरुंगात जाणं. तेव्हा कामाचं विचारा. घरी पोलीस आले तेव्हा दारात कोण होतं? बाहेरची माणसं जेवायला यायची तेव्हा भाकरी किती थापायच्या? चरखा घरात कधी आला, सूत कोण न्यायचं? जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर म्हणून घ्या. गांधीबाबा ओव्यांत येतो, आणि बाई भाषणात जे सांगत नाही ते ओवीत सांगून जाते. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. दोन वेगळ्या घरांतली माणसं एकमेकांशी न बोलता तीच गोष्ट सांगत असतील तर ती आठवण मी पक्की धरते. एकाच घरातल्या पाच जणांनी सांगितली तर ती एकच धरते.

नागपूरच्या सभेबद्दल मात्र सावध राहा. बेचाळीस म्हटलं की आपण चटकन 'छोडो भारत' जोडतो. त्याचा काही संबंध असेलही. पण १८ ते २० जुलै १९४२ ला, म्हणजे ऑगस्ट क्रांतीच्या जेमतेम तीन आठवडे आधी, नागपूरला डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद झाली आणि तिच्यातच स्त्रियांची वेगळी परिषद भरली. अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. खेड्यापाड्यांतून हजारो बाया आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या बायांना भरपगारी रजा, कायदेमंडळात जागा, असे ठराव त्यांनी केले. तुम्ही समाज लिहिलेला नाही आणि लिहायची गरजही नाही. पण तुमचं घर त्या चळवळीशी जोडलेलं असेल तर पणजी गेली ती सभा ही असू शकते. मग तिला ओढूनताणून काँग्रेसच्या लढ्यात बसवू नका. इंग्रज गेल्यावरच्या देशात बाईला काय मिळणार, हे विचारायला ती मैलोगणती चालत किंवा तिकीट काढून गेली असेल, तर ते तिचं स्वतंत्र राजकारण होतं आणि तसंच लिहिलं गेलं पाहिजे. एकच बाई १९३० ला रानात आणि १९४२ ला त्या परिषदेत, हेही अशक्य नाही.

चिमूर, आष्टी भागातली घरंही माझ्याकडं येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. तिथं प्रश्न उलटा आहे. १६ ऑगस्टच्या उद्रेकानंतर चिमुरात लष्कर आलं, गडी धरले गेले किंवा पळाले, गावावर सामूहिक दंड बसला आणि बायांवर अत्याचार झाले. नागपूरहून रमाबाई तांबे आणि इतर स्त्रिया तिथं गेल्या आणि बायांच्या तोंडून हकिगत ऐकून घेतली. या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्रा. भणसाळी यांनी ६३ दिवसांचं उपोषण केलं. त्याच्या बातम्यांवर सरकारनं बंदी घातली, तिच्या निषेधात ६ जानेवारी १९४३ ला देशभरातल्या वर्तमानपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. चिमूर-आष्टीच्या आरोपींना झालेल्या फाशीच्या शिक्षा रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या काँग्रेस पुढारी अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं आणि त्या शिक्षा पुढे बदलल्या. या सगळ्याच्या मुळाशी काय होतं? चिमूरच्या बायांनी परक्या माणसांपुढं तोंड उघडलं होतं. १९४२ च्या खेड्यात, घरची अब्रू, पोरींची लग्नं, सगळं पणाला लावून त्या बोलल्या. तरीही आज कोणी घरच्या बाईचं नाव या संदर्भात फलकावर टाकायचं म्हटलं तर मी आधी विचारते: तिला हे चाललं असतं का? तिच्या लेकीसुनांचं काय म्हणणं आहे? त्यांनी नको म्हटलं तर तिथं थांबायचं.

तुमच्या बाबतीत ही अडचण नाही. म्हणून सरपंचांकडं काय मागायचं ते सांगते. वारसा हक्काच्या पेन्शनचा वगैरे प्रश्न पणतीच्या पिढीला येत नाही, त्या वाटेला जाऊ नका. आणि पणजोबांच्या नावाखाली तिला तुरुंगवास भोगलेली स्वातंत्र्यसैनिक म्हणून घुसवू नका. खोट्या स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणांमुळं लोकांचा आधीच विश्वास उडालाय, आणि एक चुकीची ओळ तिच्या खऱ्या कामावर पाणी फिरवेल. ग्रामसभेत ठराव मांडा. '१९३० च्या जंगल सत्याग्रहात सहभागी गावातील स्त्रिया' असं वेगळं शीर्षक, त्याखाली तिचं नाव, कंसात माहेरचं आडनाव. ठरावाला जोड म्हणून फाईलमधला उतारा, दोन रेकॉर्ड केलेल्या आठवणींचं लेखी रूप आणि वर्तमानपत्राची ओळ, जे मिळेल ते. कशावरून काय म्हटलंय ते स्पष्ट लिहा: एवढं कागदावरून, एवढं आठवणीवरून. सरपंचांना नाही म्हणणं मग जड जाईल. आणि शीर्षक अनेकवचनी ठेवलंत की दुसऱ्या घरांतले लोकही बोलायला लागतील. माझा अनुभव आहे, एका नावावर ठराव आला की 'आमची मोठीमाय पण होती' म्हणत आणखी तीन-चार जण ग्रामसभेतच उभे राहतात. त्यांचीही नावं तपासून घ्या, तेवढ्याच कडकपणे.

सुरुवात माहेरच्या गावापासून करा. पणजीच्या भाच्या, भाचेसुना तिथं असतील. सासरच्या घरात तिच्याबद्दल जे बोललं जात नाही ते माहेरी बोलतात. गावाचं नाव आणि भांड्यांचे फोटो मला पाठवा. १९३० च्या पावसाळ्यातल्या बातम्यांची माझी टिपणं आहेत, त्यांत ते गाव किंवा तुमचं गाव कुठं आलंय का, ते बघून अंकाची तारीख कळवते.